हाय, दिसत नाय

आमच्या नौपाड्यातल्या ऑफिसात एक खुर्ची होती. एक प्रसंग सोडला तर तिच्यावर माणूस बसलेला मी तेव्हा कधी पाहिला नाही. चहाची किटली बसलेली पाहिली, ओली छत्री पाहिली, एकदा तर चहाच्या मावशींनी निवडायला आणलेली मेथीची जुडी अगदी पाय पसरून बसलेली पाहिली. खुर्ची त्याची होती, पण तो बसत नसे.

तो प्रोग्रामर होता, आणि प्रोग्रामर म्हणजे बसून काम करणारा प्राणी अशी माझी तेव्हा समजूत होती. तेव्हा माझ्या बऱ्याच समजुती होत्या. चाळिशी उलटलेली मी डोंबिवलीहून रोज ठाण्याला यायचे. अंगावर इस्त्रीची सुती साडी, पर्समध्ये आवळासुपारी, आणि जगातलं सगळं शुद्धलेखन आपल्याच जिवावर चाललंय असा चेहरा. आज ती बाई मला जिन्यात भेटली तर मी गुडघेदुखी विसरून मागे फिरेन.

त्याने कीबोर्ड कपाटावर ठेवला होता आणि तो उभ्याने लिहायचा. चार ओळी लिहिल्या की खिडकीपर्यंत जायचा, खाली रिक्षावाल्यांची भांडणं बघायचा, परत यायचा, त्यातल्या दोन ओळी खोडायचा आणि जिन्याकडे जायचा. त्याचा डबाही चालता चालताच व्हायचा. तांदळाची भाकरी आणि सुकट. सुकटीचा वास आला की मी नाकाला पदर लावून उठायचे आणि खिडकी उघडायचे. खिडकी उघडली की वाऱ्याला म्हणून तो खिडकीपाशी यायचा, डबा घेऊनच. माझं टेबल खिडकीपाशी होतं.

साहेब केबिनमधून ओरडायचे, "कुठंय तो?"

मावशी कप विसळता विसळता उत्तर द्यायच्या, "हाय, दिसत नाय."

हे दिवसातून इतक्यांदा व्हायचं की ऑफिसात देवाची घंटा वाजावी तसं आम्हाला ते ऐकूच येईनासं झालं होतं. त्याला मात्र ऐकू येत होतं, हे पुढे कळलं.

आता आमचं काम सांगते. आम्ही पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करायचो. रक्त, लघवी, कावीळ, साखर. माणसाच्या आत जे जे असतं ते तपासून झालं की नीट कागदावर छापून द्यायचं. साहेबांनी सुरुवातीलाच एक नियम केला होता. प्रोग्राममधली सगळी नावं मराठी ठेवायची, इंग्रजी अक्षरांत लिहायची. कारण काय, तर उद्या कोणी आमचा कोड चोरला तरी चोराला तो कळता कामा नये. नियम फार यशस्वी झाला. काही वर्षांतच तो कोड आम्हालाही कळेनासा झाला.

मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची म्हटलं की ज्याचं त्याचं गाव बाहेर येतं. मी साखरेत दोन 'ए' घालायचे, कारण दीर्घ म्हणजे दीर्घ. साताऱ्याकडचा एक जण एकच घालायचा. रत्नागिरीचा एक होता, त्याच्या घरी 'साकर' म्हणत, म्हणून तो 'एच' गाळायचा. एका मुलीला नुसता 'एस' अपुरा वाटायचा, तिची 'शाखर' व्हायची. लघवीच्या तर इतक्या तऱ्हा होत्या की त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.

मशीनमध्ये शोधायची सोय नव्हती असं नाही. काळ्या पडद्यावर कमांड द्यायची, पुढे शब्द लिहायचा, तो शब्द ज्या ज्या फाइलीत असेल तिथली ओळ समोर यायची. पण अक्षर न् अक्षर जुळलं तरच. शिवाय आमच्यात कोणी काही पुसून टाकत नसे. 'जुना', 'शेवटचा', 'खरा शेवटचा', 'साहेबांचा शेवटचा' अशा नावांच्या प्रती जागोजाग पडलेल्या. एक शब्द शोधावा तर सगळे मृतात्मे उठून बसायचे.

म्हणून लोक मशीनला विचारत नसत, मला विचारत.

"ताई, कावीळ कुठे आहे?"

मी मान वर न करता सांगायचे, "यकृताच्या दुसऱ्या फाइलीत, तळाशी."

तो माझा तोरा होता. घरी मला कोणी काही विचारत नव्हतं. सासूबाईंना सगळं माहीत होतं, नवऱ्याला सासूबाईंना विचारायची सवय होती, मुलगा कॉलेजात गेल्यापासून मला अडाण्यांत जमा करून मोकळा झाला होता. एवढं एकच ठिकाण होतं जिथे 'कुठे आहे' म्हटलं की माना माझ्याकडे वळायच्या.

आणि एके दिवशी हा कपाटापाशी उभा राहून म्हणाला, "ताई, मी एक शोधनारं लिहितोय. तुम्ही रजेवर गेल्या की हापिस बंद पडतं. बरं नाय ते."

मला तर ते फारच बरं वाटत होतं. मी म्हटलं, "शोधनारं नाही, शोधणारं. ण. बाणातला ण."

"तेच बोललो मी."

तो डोंबिवली पश्चिमेचा, कोपरकडच्या खाडीकाठच्या जुन्या गावातला. आजोबा मिठागरावर होते. त्याच्या बोलण्यात ण नव्हता, ळ नव्हता. पाणी 'पानी', काळं 'कालं', सगळं 'सगलं'. मी त्याला सुधारायचा वसाच घेतला होता. रोज दुपारी चहाबरोबर एक ण. तो निमूट ऐकायचा, म्हणजे मला निमूट वाटायचं. एक दिवस कप ठेवता ठेवता म्हणाला, "ताई, इंग्रजीत ण नाय. ळ पन नाय. तुम्ही 'पाणी' लिवा, मी 'पानी' लिवतो, मशीनला येकच. मी कॉम्प्युटरात आलो तो याच्यासाठी."

सगळे हसले. मी आवळासुपारी तोंडात टाकली. नंतर किती तरी दिवस मला या वाक्याला चोख उत्तर सुचेल अशी आशा होती. अजून आहे.

त्या काळात तो ऑफिसातून तासतासभर गायब व्हायचा. साहेबांना वाटायचं दुसरीकडे नोकरी बघतोय. मी एकदा दुपारी बांगड्या बदलायला बाजारात गेले, तर हा औषधांच्या दुकानात काउंटरच्या कडेला उभा. घ्यायचं काही नव्हतं. दुकानदार पाठ न वळवता हात मागे नेऊन गोळ्यांची नेमकी पट्टी काढायचा, ते हा बघत होता. तिथून भांड्यांच्या दुकानात, तिथून बटणं-लेसवाल्याकडे. बटणवाल्याने वैतागून विचारलं, "तुम्हाला हवंय तरी काय?" तर हा म्हणतो, "तुमाला बटन सापडतं कसं?"

परत येताना तो माझ्याबरोबर चालला, म्हणजे माझ्या पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंनी चालला. म्हणाला, "ताई, घरात वस्तू हरवली की तुमच्या सासूबाई काय विचारतात? कुठं ठेवली?"

"छे. विचारतात कोणी ठेवली."

तो रस्त्यात थांबला. मागून रिक्षावाल्याने त्याची आई काढली, तरी हलेना. "आमची आई पन तेच बोलते. कोनी ठेवली. बापानं ठेवली असंल तर माल्यावर. भावानं ठेवली असंल तर बिछान्याखाली. कोनी ठेवली ते कललं का जागा आपोआप कलते."

मी म्हटलं, "माळ्यावर."

"तेच बोललो," तो म्हणाला आणि जवळजवळ धावतच ऑफिसला गेला.

मग त्याने आमच्या सगळ्यांच्या खोडी त्या शोधणाऱ्याला शिकवल्या. ताई दोन 'ए' घालतात. साताऱ्याचा 'व्ही'ऐवजी 'डब्ल्यू' लिहितो. रत्नागिरीकर 'एच' खातो. आपण कोणत्याही तऱ्हेने साखर लिहा, ते सगळ्यांच्या साखरा काढून आणायचं. मेलेल्या प्रतींकडे बघायचंही नाही. आणि सापडलेल्या ओळीच्या वरची-खालची ओळसुद्धा दाखवायचं. "वस्तू सापडली का शेजारी काय ठेवलंय तेपन बगावं," असं त्याचं म्हणणं. "शेजाऱ्यावरनं घर कलतं."

कमांडचं नाव त्याने ठेवलं 'कुठंय'. मी म्हटलं, निदान 'कुठे आहे' ठेवा. तर म्हणे, "तेवढा वेल कोनाला हाय?" आणि काहीच सापडलं नाही तर मशीन 'नॉट फाउंड' म्हणायचं नाही. पडद्यावर यायचं, 'हाय, दिसत नाय.' मावशींना त्याने मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यांनी पदराला हात पुसले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मंग? मी काय खोटं बोलत व्हते?"

वेगाचं त्याचं माप घड्याळाचं नव्हतं. कमांड द्यायची आणि खिडकीकडे निघायचं. आधी तो खिडकीपर्यंत जाऊन परत यायचा तेव्हा कुठे उत्तर आलेलं असायचं. मग खटपट करकरून ते तो खिडकीशी पोचेपर्यंत यायला लागलं. मग अर्ध्या वाटेत. आणि एका सकाळी त्याने बटण दाबलं, पाठ वळवली आणि मशीनने टुण् केलं. उत्तर हजर. मी म्हटलं, "अभिनंदन." तो उभा होता तिथेच केविलवाणा झाला. "ताई, मग आता मी फिरू कवा?"

तोपर्यंत लोक मला विचारेनासे झाले होते. माझ्या टेबलाशी येता येता कुणीतरी थबकायचं, "राहू दे ताई, बघतो मीच," म्हणून वळायचं. मी अगदी हसून "हो, हो" म्हणायचे आणि घरी जाऊन कणीक अशी मळायचे की पोळ्या चामड्यासारख्या व्हायच्या. सासूबाई एका संध्याकाळी म्हणाल्या, "ऑफिसात कोणाशी भांडलीस की आमच्या दातांशी?"

मग साखरेचं प्रकरण आलं.

उपाशीपोटी साखर किती असली म्हणजे ठीक, त्याची वरची मर्यादा डॉक्टर मंडळींनी खाली आणली. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी साहेबांना बजावलं की सोमवारपासून सगळे रिपोर्ट नव्या मर्यादेने निघाले पाहिजेत. म्हणाल्या, "एकही रिपोर्ट जुन्या हिशोबाने गेला तर ज्याला पथ्य हवं तो माणूस बिनघोर जेवत सुटेल, आणि मग मी तुमचं तोंड बघणार नाही." ती मर्यादा आमच्या कोडमध्ये जिथे जिथे दडली होती, तिथे तिथे जाऊन बदलायची होती.

हे नुसतं ऑफिसचं असतं तर मी इतकी पेटले नसते. पण आमच्या सासूबाईंचं रक्त त्याच लॅबमध्ये तपासलं जायचं, सोमवारीच जायच्या होत्या, आणि त्यांची साखर वर्षभर जुन्या मर्यादेच्या जेमतेम खाली घुटमळत होती. नव्या मर्यादेने त्या सरळ पथ्यावर. घरात पुतण्याच्या मुंजीचे बुंदीचे लाडू डबाभर आलेले. सासूबाईंनी जाहीर केलं होतं, "रिपोर्ट चांगला आला की पहिला लाडू माझा. दुसरापण."

शनिवारी साहेबांनी आम्हा दोघांना समोर घेतलं. म्हणाले, "ताई, तुम्ही डोक्यातून जागा सांगा. हा मशीनमधून काढेल. ताळा बघू." त्यांच्या मनात काही नसेल. माझ्या मनात मात्र रणवाद्यं वाजत होती. मी डोळे मिटून, एका हाताची बोटं दुसऱ्या हातावर मोडत, जागा सांगत गेले. मध्येच एक जागा आठवली तेव्हा मी डोळे उघडून त्याच्याकडे असं पाहिलं की काय सांगू. तो टाचांवर झुलत होता. माझं झाल्यावर त्याने बटण दाबलं. माझ्या सगळ्या जागा आल्या. वर मला न आठवलेल्याही आल्या, त्यात रत्नागिरीकराच्या 'साकर' सगळ्या.

मी म्हटलं, "चांगलंय हो तुमचं यंत्र." आवाज बहुतेक दुसऱ्याच कोणाचा तरी होता.

जेवणं झाल्यावर मर्यादा बदलून झाल्या आणि आम्ही तपासायला बसलो, म्हणजे मी बसले. दोन्ही मर्यादांच्या बरोबर मधली साखर असलेला एक खोटा पेशंट तयार केला आणि प्रत्येक तऱ्हेचा रिपोर्ट छापून बघितला. 'साखर जास्त', 'साखर जास्त', 'साखर जास्त'. आणि शेवटचा, म्हाताऱ्या माणसांसाठी मोठ्या अक्षरांत छापायचा रिपोर्ट बाहेर आला. त्यावर जाड टप्पोऱ्या अक्षरांत, 'साखर ठीक'.

साहेबांनी कागद उलटा करून पाहिला, जणू खरं मागे लिहिलेलं असेल.

मोठ्या अक्षरांची फाइल उघडली, तर तिथे मर्यादा नव्हतीच. तिथे नुसता शेरा छापला जात होता. तो ठरत होता भलतीकडे, आणि शेऱ्यांचा रस्ता आमच्या कोडमध्ये असा वळसे घेत जायचा की धरून जाणारा माणूस संध्याकाळी निघाल्या जागी परत यायचा. माझ्या डोक्यात काही येईना. त्याच्या मशीनला साखर विचारली, मर्यादा विचारली, उपाशी विचारलं. प्रत्येक वेळी नव्या मर्यादाच समोर आणायचं. त्याने 'म्हातारे' विचारलं. 'हाय, दिसत नाय.' 'आजी' विचारलं. 'हाय, दिसत नाय.' साहेब म्हणाले, "हे गप्प बसवा आधी."

तो खिडकीपर्यंत गेला, आला, गेला. मग पहिल्यांदाच, आणि मी पाहिलेलं एकदाच, खुर्चीवरची किटली उचलून त्याने खाली ठेवली आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. मावशी हातातला कप तसाच धरून दारात आल्या.

"ताई, मोठी अक्षरं कोनी ठेवली?"

"मीच. बारीक वाचता येत नाही म्हणून तक्रार होती."

"कोनाची?"

"घरचीच. म्हणजे बऱ्याच वयस्कर लोकांची."

"बरं. डोले मिटा." मी मिटले. "विचार करू नका. साखर म्हटलं का कोन दिसतं?"

"सासूबाई," मी म्हटलं.

तोंडातून गेल्यावर मला कळलं आपण काय बोललो. डोळे उघडेपर्यंत तो उठलाही होता. मीही उठून त्याच्यामागे उभी राहिले. त्याने कपाटावर वाकून लिहिलं, कुठंय सासूबाई. मशीनने टुण् केलं.

सापडल्या. दोन 'ए', दोन 'ओ', सगळ्या दीर्घ स्वरांसकट, माझ्याच हातच्या. मोठ्या अक्षरांचा रिपोर्ट मी सासूबाईंच्या आकड्यांवर तपासला होता आणि वरच्या मर्यादेला त्यांचंच नाव देऊन मोकळी झाले होते. तेवढ्यावर भागलं असतं. पण त्या यंत्राला शेजार दाखवायची खोड. वरच्या ओळीत मी पुढच्या माणसासाठी सूचना लिहून ठेवली होती, आणि साहेबांना पडद्यावरचं मोठ्याने वाचायची सवय.

"'सासूबाई'," साहेब वाचू लागले, "'हिला कोणी हात लावू नये. ही कधीच खाली येत नाही.'"

मावशींच्या हातातला कप हिंदकळला. रत्नागिरीकर टेबलाखाली काहीतरी शोधायला गेला तो बराच वेळ वर आला नाही. मला वाटत होतं जमीन दुभंगावी. नौपाड्यातल्या इमारती जुन्या असल्या तरी वेळेवर कामी येत नाहीत.

तो मात्र हसला नाही. नवी मर्यादा घातली, कागद छापला, 'साखर जास्त' आलेलं बघितलं आणि म्हणाला, "बगा. मशीनला सापडलं नसतं. ताईंनी ठेवलं तर ताईंच्या डोक्यातनंच काढाया पायजे." मग दाराकडे जाता जाता मागे वळून, "ताई, आल्या हां खाली."

सोमवारी सासूबाई रिपोर्ट घेऊन घरी आल्या. चष्मा न लावता, कागद लांब धरून त्यांनी स्वतःच वाचला, कारण अक्षरं मोठी होती. 'साखर जास्त.' कागद माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "हे तुझ्या त्या कॉम्प्युटरनेच केलं ना?"

"हो, आई."

"आणि तू तिथे बसून बघत होतीस?"

"उभं राहून, आई."

लाडवाचा डबा त्यांनी स्वतः नेऊन शेजारी दिला आणि पुढचे काही दिवस माझ्याशी फक्त नवऱ्यामार्फत बोलल्या. पथ्य मात्र पाळलं, रागाने पाळलं, आणि त्यामुळे ते टिकलं. नंतर कितीतरी वर्षं त्या मला ऐकवायला होत्या.

आठवड्याभरात त्याने यंत्रात एक भर घातली. काही सापडलं नाही की 'हाय, दिसत नाय' यायचं आणि खाली दुसरी ओळ, 'कोनी ठेवलंय?' त्यानंतर लोक पुन्हा माझ्या टेबलाशी येऊ लागले, ही दुसरी ओळ पडली की. मी मान वर करून उत्तर द्यायला शिकले. त्याच्या ण च्या मागे लागणंही सोडलं. खरं सांगायचं तर तो आयता यायचा, "ताई, आज ण नाय?" म्हणून, आणि मीच लाजायचे.

पुढे तो गेला. कुठे, ते कोणी नीट सांगेना. कोणी म्हणे इथेच ठाण्यात, कोपरीत स्वतःचं काही काढलंय, कोणी म्हणे परदेशी. साहेब सवयीने ओरडले, "कुठंय तो?" आणि मावशी या वेळी नुसत्या कप विसळत राहिल्या. खुर्चीवर मग कोणीही बसू लागलं.

आता मी आजी झाले, आणि त्याआधी सासूबाईही. सूनही सॉफ्टवेअरमध्येच आहे, घरूनच काम करते. ती सुकट उत्तम करते. खिडकी मी अजूनही उघडते, पण शेजारणीला वास जावा म्हणून. परवा माझा साखरेचा रिपोर्ट आला, आणि तिने तो बघून लाडवाचा डबा वरच्या फळीवर सरकवला, तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. ती पोट धरधरून हसली. मी म्हटलं, "आता तू सांग. तुझ्या कोडमध्ये मी आहे का?"

"काहीतरीच काय, आई."

"शोधून दाखव."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि माझ्यासमोर लिहिलं, सासूबाई. तिच्या मशीनला खाडीकाठचं बोलणं येत नाही. ते कोरडेपणाने काही नाही म्हणालं. "बघा," ती म्हणाली.

मी चष्मा लावला. "अगं, पण तू मनात मला सासूबाई कुठे म्हणतेस? जे म्हणतेस ते लिही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे पाहिलं, आणि हळूच झाकण मिटलं. "मी कुकर लावते," म्हणाली.

म्हणजे हाय.